रिंग मागण्याआधी बोअर मोजा: पिस्टन रिंगा ओळखणं, निवडणं आणि बसवणं

गाडी निळसर धूर सोडायला लागली की दोन सल्ले फुकट मिळतात. एक, ‘रिंगा गेल्या, बदलून टाक.’ दुसरा, ‘आता फुल इंजिनच करावं लागणार.’ दोन्ही सल्ले इंजिन न उघडता दिलेले असतात. रिंग खरंच गेली का, आणि गेली असेल तर तिच्या जागी कोणत्या धातूची, कोणत्या मापाची घालायची, हे एकट्या रिंगेकडे बघून कळत नाही. ती ज्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या गोल भोकात, घासते तो बोअर आधी वाचावा लागतो.

हे लिहितोय ते नव्याने हात घालणाऱ्यांसाठी. आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडून आपल्या गोव्यातल्या फोंड्या-म्हापशाच्या गॅरेजात हाताखाली राहिलेली मुलं, किंवा स्वतःची गाडी अंगणात उघडायची हौस असलेली माणसं. उदाहरणाला स्प्लेंडरचं इंजिन घेतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही वाड्यावर ती सापडते, आणि तिचा बोअर बरोबर ५० मिलिमीटर असल्यामुळे हिशेब तोंडी जमतो.

आधी थोडं कामाचं

पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरचा लाइनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती आतली नळी, बहुतेक वेळा बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पिस्टन बोअरपेक्षा थोडा लहानच ठेवावा लागतो. ती उरलेली फट बंद करते ती रिंग. चार स्ट्रोकच्या बहुतेक इंजिनांत तीन रिंगा असतात. सगळ्यात वरची कम्प्रेशन रिंग गॅस अडवते. दुसरी थोडा गॅस अडवते, पण तिचं मुख्य काम ऑइल खाली ओढणं. तिसरी ऑइल रिंग. ती बहुधा तीन तुकड्यांची: दोन पातळ पट्ट्या आणि मधे नागमोडी एक्सपांडर.

नव्या माणसाचा पहिला गैरसमज म्हणजे रिंग आपल्या स्प्रिंगच्या ताणानेच गॅस अडवते. ताण असतो, पण तो सुरुवातीपुरता. खरा दाब ज्वलनातला गॅसच देतो. तो रिंगेच्या वरून, पिस्टनवरच्या तिच्या खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तिला भिंतीवर दाबून धरतो. म्हणून खाचेत कार्बन भरला आणि रिंग चिकटली, की ती नवी असूनही कामाची राहत नाही. तिच्या पाठीमागे गॅसला जायला वाटच उरत नाही.

दुसरं काम उष्णतेचं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. पेटलेल्या गॅसचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याच्या डोक्यावरची बरीचशी उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत आणि तिथून फिन्समधून हवेत किंवा कूलंटमध्ये जाते. रिंग भिंतीला नीट टेकत नसेल तर पिस्टन नुसता गॅस सोडत नाही, तो तापतो आणि जॅम होतो.

पूर्वी वाफेच्या इंजिनात पिस्टनभोवती चरबीत भिजवलेल्या दोराचं पॅकिंग गुंडाळत. १८५०च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्लिश रेल्वे इंजिनिअरने धातूची, एका जागी कापलेली रिंग आणली. कल्पना आजही तीच आहे. बदललं ते मटेरियल, त्यावर पुढे येतो.

उघडण्याआधीची तपासणी

धूर कोणत्या वेळी निघतो ते बघा. सकाळी पहिल्या किकला भपकारा येऊन नंतर बंद होत असेल, किंवा चोर्ला घाट थ्रॉटल सोडून उतरल्यावर खाली पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की निघत असेल, तर आधी व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर संशय घ्या. चढावर ओढताना सतत निळा धूर, ऑइलची पातळी झरझर उतरणं, ब्रीदरच्या (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून भकाभका वाफ आणि ऑइल येणं, ही रिंग किंवा बोअरची लक्षणं. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. पांढरा, न विरणारा धूर कूलंटवाल्या गाडीत हेड गॅस्केटकडे बोट दाखवतो.

मग कम्प्रेशन गेज. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, किक मारत राहा आणि काटा थांबेल तो आकडा लिहा. किती हवा ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. ऑइलमुळे रिंगेची गळती तात्पुरती बंद होते, म्हणून आकडा चांगला वर गेला तर दोष रिंग-बोअरचा; जवळपास तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. पुस्तकं एवढंच सांगून थांबतात. पण स्प्लेंडर आणि ॲक्टिवा यांचे सिलिंडर जवळजवळ आडवे असतात. त्यात टाकलेलं ऑइल खालच्या बाजूला साचतं, सगळीकडे पसरत नाही. अशा इंजिनात ओल्या चाचणीने आकडा थोडाच वाढला म्हणून रिंगा निर्दोष समजू नका.

आणि गेज लावायच्याही आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टरच्या पलीकडे, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरं फडकं गुंडाळून बोट फिरवा. फडक्यावर लाल पूड आली तर निम्मं निदान झालं. साखळी, डिचोली, उसगाव, कुडचडे या पट्ट्यात खनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यांवरची धूळ काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. लोहखनिजाची आणि जांभ्याची ही धूळ आणि तिच्यातली वाळू बिडापेक्षा कठीण असते. फाटक्या फिल्टरमधून किंवा सैल क्लिपमधून ती आत गेली की ऑइलात मिसळून पॉलिश पेपरचं काम करते, आणि पहिला बळी वरची रिंग. मला विचाराल तर आपल्याकडे वयाने झिजलेल्या रिंगा कमी आणि धुळीने खाल्लेल्या जास्त. फिल्टरची ती गळती न काढता नव्या रिंगा घातल्या तर काही महिन्यांत गिऱ्हाईक परत दारात.

उघडल्यावर काय बघायचं

हेड काढा, मग सिलिंडर ब्लॉक हलक्या हाताने वर ओढा. पिस्टन बाहेर येण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. गजन पिन पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडते; ती अडवणारी छोटी क्लिप, म्हणजे सर्क्लिप, उडून आत पडली तर अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं.

आता बोअरमध्ये उजेड टाका. वरच्या टोकाजवळ नख फिरवलं की एक कडा लागते. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते त्याच्या वरचा भाग न झिजता राहतो, त्याची ती कडा. तिच्या लगेच खाली झीज सगळ्यात जास्त असते, कारण तिथे दाब सर्वाधिक, उष्णता सर्वाधिक आणि पिस्टन क्षणभर थांबत असल्याने ऑइलचा थर सर्वांत पातळ. उभे ओरखडे नखाला लागत असतील तर होनिंगने, म्हणजे दगडाने भिंत बारीक घासून, भागणार नाही. भिंत आरशासारखी चकाकत असेल तर ग्लेझ झालीय, म्हणजे ऑइल धरून ठेवणाऱ्या बारीक रेषा पुसल्या गेल्यात.

जुन्या रिंगाही फेकण्याआधी वाचा. बाहेरच्या कडेवर सगळीकडे सारखी चमकदार पट्टी असेल तर झीज नैसर्गिक. काही भाग काळे आणि काही चमकदार असतील तर बोअर गोल राहिलेला नाही, काळ्या जागी गॅस निसटत होता. रिंग खाचेत चिकटली असेल तर कारण बहुतेक जुनं ऑइल, जास्त तापलेलं इंजिन किंवा दोन्ही. तुटकी रिंग निघाली तर तिचा प्रत्येक तुकडा मोजून बाहेर आला की नाही ते बघा.

मापासाठी डायल बोअर गेज असेल तर उत्तम: वर, मधे, खाली अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी आडवं-उभं दोन्ही दिशांनी. वरचं आणि खालचं माप यांतला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांमधला फरक म्हणजे अंडाकृतीपणा.

डायल गेज नसेल तर एक जुनी युक्ती आहे आणि ती फारच थोडे शिकवतात. एक नवी रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टन उलटा करून त्याच्या डोक्याने ती सरळ ढकला, म्हणजे तिरकी राहणार नाही. आधी अगदी खाली, जिथे रिंग कधी घासत नाही तिथे, फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) तिच्या दोन टोकांमधली गॅप मोजा. समजा ०.२० मिलिमीटर आली. मग तीच रिंग वर, कडेच्या लगेच खाली आणून पुन्हा मोजा. समजा ०.५१ आली. फरक ०.३१. त्याला ३.१४ने भागा: ०.१०. म्हणजे बोअर वरच्या बाजूला व्यासात दहा शतांश मिलिमीटर झिजलाय. परीघ व्यासाच्या ३.१४ पट वाढतो, तोच हा हिशेब. यात अंडाकृतीपणा कळत नाही, पण टेपर मात्र हजारो रुपयांच्या गेजाशिवाय हातात येतो.

झीज मॅन्युअलच्या हद्दीत असेल, ओरखडे नसतील, तर होनिंग करून स्टँडर्ड रिंगा. हद्द ओलांडली असेल तर बोअरिंग, म्हणजे बोअर कापून मोठा करणं, आणि ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठं, पिस्टन-किट. मधला रस्ता नाही, आणि गॅरेजात नेमका तोच मधला रस्ता सर्रास काढतात: झिजलेल्या स्टँडर्ड बोअरमध्ये ०.२५ ओव्हरसाइझ रिंग टोकं घासून बसवणं. वरवर पटतं, गॅपही बरोबर येते. पण रिंग कारखान्यात पूर्ण गोल बनवलेलीच नसते. तिचा मोकळा आकार मुद्दाम थोडा वेगळा ठेवलेला असतो, असा की नेमक्या तिच्या मापाच्या बोअरमध्ये दाबल्यावरच ती गोल होऊन सगळीकडे सारखा दाब देईल. टोकं कापून लहान बोअरमध्ये कोंबलेली रिंग काही ठिकाणी टेकते, काही ठिकाणी नाही. शिवाय बोअरचा टेपर तसाच राहतो, त्यामुळे प्रत्येक स्ट्रोकला ती उघडझाप करते, खाच खाते आणि शेवटी तुटते.

काउंटरवर: कोणती रिंग?

स्पेअर पार्टच्या दुकानात नव्या मुलाला हमखास अडवतात.

“दादा, स्प्लेंडरच्या रिंगा द्या.”

“स्टँडर्ड का पन्नास? बोअर मापलास?”

“मेस्त्रीने नुसत्या रिंगा आणायला सांगितल्या.”

“मग मापून ये रे. खोललेलं किट मी परत घेणार नाही.”

तो दुकानदार बरोबर आहे. दुचाकीच्या रिंगा स्टँडर्ड, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा मापांत येतात (मूळ बोअरपेक्षा तितक्या मिलिमीटरने मोठ्या; त्याचं ‘पन्नास’ म्हणजे ०.५०, बोअरचे ५० नव्हे), आणि पिस्टनच्या डोक्यावर त्याचं माप कोरलेलं असतं. कार्बन पुसून आधी ते वाचा. गाडी तिसऱ्या-चौथ्या हातातली असेल तर आधीच कुणीतरी बोअर करून ठेवलेला असू शकतो. बोअरिंगला देताना पिस्टन आधी विकत घ्या आणि तो लेथवाल्याच्या हातात द्या. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट शतांश मिलिमीटरमध्ये असते आणि ती त्या पिस्टनला मापूनच ठेवायची.

आता मटेरियल.

साधं करडं बीड, म्हणजे ग्रे कास्ट आयर्न, हे रिंगेचं सगळ्यात जुनं मटेरियल, आणि अजून ते कुणाला पूर्ण हटवता आलेलं नाही. कारण त्याच्या पोटात ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्या असतात. ग्राफाइट स्वतः वंगण आहे, आणि पृष्ठभागावरच्या त्याच्या जागा ऑइल धरून ठेवतात. ऑइल कमी पडलं तरी बिडाची रिंग काही काळ भिंत सांभाळून घेते. ती नव्या होनिंगवर लवकर बसते, चूकही थोडी माफ करते. खोट एकच: ठिसूळ असते. वाकत नाही, मोडते. दुसऱ्या खाचेतल्या रिंगेला ती आजही चालते.

डक्टाइल किंवा एसजी आयर्न हे त्याच बिडाचं सुधारलेलं रूप. ओततेवेळी मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइटच्या पापुद्र्यांऐवजी गोळे बनतात. पापुद्र्या या बिडाच्या आतल्या तडाच असतात म्हणा ना. गोळे झाले की तडा नाहीशा, आणि ताकद एकदम वाढते. वरच्या खाचेत, जिथे झटके बसतात तिथे, विशेषतः डिझेलमध्ये, हे वापरतात. पण पापुद्र्या गेल्या तसा तो ऑइल धरणारा गुणही कमी झाला, म्हणून अशा रिंगेच्या तोंडावर बहुधा कशाचा तरी मुलामा असतो.

तिसरं स्टील. आजच्या गाड्यांत वरच्या रिंगा बारीक झाल्या आहेत. जुन्या पेट्रोल गाड्यांत दीड-दोन मिलिमीटर उंचीच्या असत, आता एक-सव्वा मिलिमीटर. बारीक रिंग म्हणजे कमी घर्षण, कमी वजन, जास्त मायलेज. पण एवढ्या बारीक मापात बीड टिकत नाही. म्हणून क्रोमियम असलेल्या स्टीलची आकार दिलेली तार गुंडाळून रिंग बनवतात आणि ती नायट्राइड करतात. म्हणजे नायट्रोजनयुक्त गॅसमध्ये तापवून पृष्ठभागात नायट्रोजन मुरवतात. हा वरून चढवलेला थर नसतो, त्यामुळे तो पापुद्र्यासारखा सुटत नाही. ऑइल रिंगेच्या पातळ पट्ट्याही स्टीलच्याच.

मुलाम्यांपैकी दुकानात सर्वांत जास्त ऐकू येणारं नाव क्रोम. हार्ड क्रोमचा थर बिडाच्या तीन-चार पट कठीण असतो. धुळीचे कण त्यात रुतत नाहीत, म्हणून खाणपट्ट्यात फिरणाऱ्या गाडीला मी डोळे झाकून क्रोमची वरची रिंग सुचवीन. पण ती ऑइल धरत नाही आणि बसायला वेळ घेते. होनिंग नीट नसेल तर बसतच नाही. ग्लेझ झालेल्या बोअरमध्ये तशीच नवी क्रोम रिंग टाकून ‘नव्या रिंगा घातल्या तरी धूर’ अशी तक्रार करणारे अर्धे लोक इथेच चुकलेले असतात. आणि बोअरलाच आतून क्रोम असेल तर क्रोमची रिंग कधीच नाही. क्रोमवर क्रोम घासलं की दोन्ही एकमेकांना खरवडून काढतात.

मॉली म्हणजे मॉलिब्डेनम. रिंगेच्या तोंडावर खाच पाडून तिच्यात ते वितळवून फवारतात. त्याचा वितळबिंदू २६०० अंशांच्या वर, त्यामुळे उष्णतेत ते भिंतीला चिकटत नाही. आणि फवारलेला थर सच्छिद्र असल्याने ऑइल धरतं. लांब पल्ल्याला, सतत वेगात चालणाऱ्या इंजिनाला उत्तम. मात्र त्याच छिद्रांत धूळही जाऊन बसते. म्हणून महागडी मॉली रिंग आणि गळका एअर फिल्टर ही जोडी अगदी वाईट.

याच्या पुढचे थर, म्हणजे निर्वात कक्षात चढवलेलं क्रोमियम नायट्राइड किंवा हिऱ्यासारखा कठीण कार्बन, नव्या गाड्यांत कंपनीतूनच येतात. ते निवडायची वेळ तुमच्यावर सहसा येत नाही. रिंगेवरचा मळकट काळा-राखाडी रंग पाहून मात्र फसू नका. तो बहुतेक फॉस्फेटचा थर असतो, गंज थांबवायला आणि पहिल्या काही किलोमीटरांत बसायला मदत म्हणून. तो पॉलिश पेपरने घासून ‘साफ’ करणारे हात मी पाहिले आहेत.

काही बोअरना हातच लावायचा नाही. केटीएम ड्यूक ३९०मध्ये निकासिल आहे, म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेला पातळ थर. यामाहा आर१५चा डायसिल सिलिंडर पूर्ण ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा, आत बिडाचा लाइनरच नाही. असे सिलिंडर नेहमीच्या लेथवर बोअर होत नाहीत आणि साध्या दगडाने होन केले तर वाया जातात. तिथे कंपनी सांगेल तीच रिंग, आणि सिलिंडर खराब असेल तर नवा सिलिंडर.

ब्रँडबद्दल एवढंच: गोएट्झे, उषा, आयपी ही नावं बाजारात जुनी आहेत, पण त्यांच्या नकली पाकिटांचीही कमी नाही. छपाई पुसट, रिंगेवर खूण नाही, तीन रिंगांच्या कडा खरखरीत, असं दिसलं तर स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका.

होनिंग आणि धुणं

होनिंगने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा उमटल्या पाहिजेत, चटईच्या विणीसारख्या, साधारण ४५ ते ६० अंशांच्या कोनात. त्या रेषांत ऑइल राहतं आणि त्यांच्या धारेवर रिंग घासून बसते. साध्या बिडाच्या आणि क्रोमच्या रिंगेला २२०-२८० ग्रिटचा दगड चालतो, मॉलीला त्याहून बारीक.

त्यानंतरचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. होनिंगची पूड पेट्रोलने किंवा रॉकेलने जात नाही. ते ऑइल धुऊन काढतात, कण तसेच रेषांत बसून राहतात. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ब्रश घ्या. पहिलं पाणी काळं निघेल, दुसरं राखाडी. पाणी नितळ झालं म्हणून थांबू नका. भिंतीवर ऑइलचा हात फिरवून पांढऱ्या कापडाने पुसा. कापड राखाडी झालं तर पुन्हा साबण. कापड पांढरं राहीपर्यंत हे चालतं. मग लगेच ऑइल लावा. आपल्या दमट हवेत उघडं बीड जेवायला जाऊन येईपर्यंत तांबूस पडतं, आणि पावसाळ्यात तर त्याहूनही लवकर.

पिस्टनच्या खाचा साफ करायला जुनीच रिंग मोडून तिचं टोक वापरा. खाचेच्या मापाचं त्याहून चांगलं हत्यार नाही. फक्त कार्बन काढा, ॲल्युमिनियम खरवडू नका. ऑइल रिंगेच्या खाचेतली भोकं तारेने मोकळी करा. ती बुजली असतील तर रिंगेने गोळा केलेलं ऑइल परत जाणार कुठून?

गॅप आणि बसवणी

प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये घालून गॅप मोजायची, किट नवं असलं तरी. मॅन्युअल नसेल तर ढोबळ नियम: २५ मिलिमीटर बोअरला ०.१० मिलिमीटर. म्हणजे स्प्लेंडरला ०.२०च्या आसपास. गॅप थोडी जास्त चालते, कमी मुळीच नाही. तापल्यावर टोकं एकमेकांना भिडली की रिंगेला फुगायला जागा उरत नाही. ती भिंत ओरबाडते किंवा मोडते. कमी असेल तर बारीक कानशीने एकाच टोकाला, बाहेरून आतल्या दिशेने घासा. उलटं घासलं तर क्रोमचा टवका उडतो. अनेक इंजिनांत दुसऱ्या रिंगेची गॅप पहिलीपेक्षा मुद्दाम जास्त दिलेली असते, म्हणजे दोघींच्या मधे अडकलेला गॅस खाली निघून जातो आणि वरची रिंग उचलली जात नाही. ती चूक समजून दुसरी रिंग बदलायला जाऊ नका.

बसवताना खालून वर. आधी ऑइल रिंगेचा एक्सपांडर. त्याची दोन टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, एकावर एक चढलेली नकोत. चढली तर गाडी पहिल्या दिवसापासून ऑइल खाते आणि कारण शोधून सापडत नाही. मग खालची पट्टी, मग वरची. या पट्ट्या गुंडाळत घातल्या तरी चालतात. दुसरी आणि पहिली रिंग मात्र गुंडाळून घालायची नाही. रिंग पसरवायच्या चिमट्याने (त्यालाही रिंग एक्सपांडरच म्हणतात) किंवा दोन अंगठ्यांनी, लागेल तेवढीच उघडून सरळ वरून.

रिंगेवर आर, एन, टी किंवा टॉप अशी खूण असेल ती बाजू वर. दुसऱ्या रिंगेच्या बाबतीत हे खास पाळा. तिचं तोंड थोडं उतरतं असतं, खाली जाताना ऑइल खरवडून नेण्यासाठी. उलटी बसली तर तेच ऑइल ती वर ढकलते. रिंगांच्या गॅप एकमेकींपासून १२० अंशांवर ठेवा आणि शक्यतो गजन पिनच्या रेषेत कोणतीही आणू नका. पिस्टनवर ‘आयएन’ खूण असेल ती इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूला. सर्क्लिप नवीन, जुनी ताणून पुन्हा वापरायची नाही.

ब्लॉक बसवताना रिंगा बोटांनी दाबत हळूहळू आत घ्या. बोअरच्या तळाची कड उतरती असते, ती मदत करते. अडलं तर थांबा. हातोड्याची मूठ मारून पुढे सरकवलेला ब्लॉक आणि मोडलेली रिंग यांत फारसं अंतर नसतं.

टू-स्ट्रोक आणि डिझेल

मासेमारीच्या होडीवरच्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये ऑइल रिंग नसते, कारण ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. पण प्रत्येक खाचेत एक बारीक खिळा असतो. रिंगेची टोकं त्याच्यावरच यायला हवीत. रिंग फिरली तर टोक भिंतीतल्या पोर्टमध्ये, म्हणजे गॅस आत-बाहेर जायच्या भोकात, अडकून मोडतं. खिळा न बघता ब्लॉक दाबला तर तो खिळाही जातो आणि पिस्टनही.

ट्रॉलरच्या डिझेलांचं काम १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात निघतं, तेव्हा मालिम, कुठ्ठाळी, कुटबणला कामाला माणूस मिळत नाही. शिकायचं असेल तर ते दोन महिने तिथे जा. तिथे बऱ्याच इंजिनांत लाइनर काढता-घालता येतो, म्हणून बोअरिंग न करता लाइनर, पिस्टन आणि रिंगा असं सगळं किट बदलतात. वरची रिंग बऱ्याचदा पाचरीच्या आकाराची दिसेल, वरून-खालून निमुळती. ती खाचेत हलताना फट कमी-जास्त होते आणि कार्बन चेचला जाऊन बाहेर पडतो. तिला चुकून सरळ रिंग बदली देऊ नका.

पहिले पाचशे किलोमीटर

नवी रिंग दाबाने बसते. म्हणून गाडी तासभर न्यूट्रलमध्ये आयडलिंगला ठेवून ‘रनिंग’ करणं चुकीचं आहे. दाब नाही, रिंग भिंतीवर दाबली जात नाही आणि होनिंगच्या रेषा मात्र पुसल्या जातात. सुरू करा, ऑइल आणि गळती बघा, आणि रस्त्यावर काढा. मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगापर्यंत अर्ध्या थ्रॉटलने ओढा, मग थ्रॉटल सोडून वेग आपोआप उतरू द्या, पुन्हा ओढा. ओढताना रिंग बसते, सोडताना वर ऑइल खेचलं जाऊन भिंत थंड होते. सुरुवातीला घाट, डबलसीट चढ आणि एकाच वेगात लांबचा प्रवास टाळा. ऑइल साधं मिनरल घाला, सिंथेटिक नंतर. पहिलं ऑइल लवकर बदला आणि काढलेलं ऑइल उन्हात धरून बघा. बारीक चमक थोडी असणारच, कण बोटाला लागायला नकोत.

थोडा धूर पहिले काही दिवस राहिला तर घाबरू नका. हजारेक किलोमीटरनंतरही ऑइलची पातळी उतरत असेल तर रिंग बसलेली नाही. तेव्हा पुन्हा उघडून सगळ्यात आधी एक्सपांडरची टोकं, दुसऱ्या रिंगेची खूण आणि होनिंग बघा.

जी गाडी जून ते सप्टेंबर उभीच राहणार आहे, भाड्याच्या धंद्यातली किंवा मुंबईला गेलेल्या माणसाची, तिची काळजी आधी घ्या. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उघड्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत जाते. प्लग काढून दोन चमचे ऑइल आत सोडा, इग्निशन बंद ठेवून चार-पाच किका मारा, प्लग परत लावा. हे न केल्याने रिंगा गंजून भिंतीला धरल्या असतील तर किकवर उभं राहून जोर लावू नका, रिंग मोडेल. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या आणि मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे थोडं थोडं हलवा.